इल्या मेच्निकॉव्ह : मृत्युभय आणि विरजण

मध्य रशियातील तुला ह्या शहरी १८८१ च्या उन्हाळ्यात इव्हान इल्यिच मेच्निकॉव्ह नावाचे एक सरकारी अभियोक्ते रक्तात पू भिनल्यामुळे मरण पावले. त्या वेळी त्यांचे वय ४५ वर्षांचे होते. तुल्यापासून जवळच असलेल्या यास्नाया पोल्याना येथे टॉलस्टॉयांचे वास्तव्य असे. ह्या गृहस्थांशी त्यांचा परिचय होता आणि त्यांच्या अखेरच्या दिवसांची हकीकतही त्यांच्या कानी आली होती. पुढे १८८६ मध्ये 'इव्हान इल्यिचचा मृत्यू' ही दीर्घकथा प्रसिद्ध झाली. कथेतील न्यायाधिकारी ही पूर्णपणे टॉलस्टॉयांची निर्मिती आहे. मूळ माणसाशी त्याचे साम्य नाव, पेशा आणि अकाली मरण एवढ्यापुरतेच मानणे योग्य. परंतु ह्या कथेचा विचार करताना एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. मूळ इव्हान इल्यिच मरणोन्मुख असताना त्यांच्या उशाशी त्यांचा धाकटा भाऊ बसला होता, आणि त्याने त्या मरणाचा जो अर्थ लावला तो टॉलस्टॉयांच्या अर्थाहून अगदी निराळा होता.

हा धाकटा भाऊ म्हणजेच जीवशास्त्रज्ञ इल्या इल्यिच मेच्निकॉव्ह. त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, भावाला मरणाची भीती दीर्घकाळ वाटत आली होती. परंतु अखेरीस, मरणे सर्वांनाच आहे आणि ४५ व्या वर्षी मरणे व पुढे केव्हातरी मरणे ह्यांत केवळ परिमाणाचे अंतर आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. कथेतील इव्हान इल्यिचला अखेरच्या घटकेस प्रकाश दिसतो. प्रत्यक्षातील इव्हान इल्यिचला तर्काचा आधार मिळाला. धाकट्या भावाचे मात्र ह्या दोहोंनीही समाधान झाले नाही. मरणाची भीती ही आत्म्याची समस्या नसून देहरचनेतील एक विसंगती आहे आणि ती दूर करता येईल, ह्या निष्कर्षाप्रत ते पुढील वीस वर्षांत आले. दही आणि ताक ह्यांच्याशी त्यांचे नाव जगभर जोडले गेले ते ह्या प्रवासाच्या शेवटी. आज प्रोबायोटिक ह्या नावाने जो विचार ओळखला जातो त्याचा आरंभ त्यांच्यापासून सांगतात. तो आरंभ पाकशास्त्रातून किंवा आहारशास्त्रातून झाला नाही, मृत्युचिंतनातून झाला, हे त्यांचे चरित्र पाहिले म्हणजे स्पष्ट होते.

मेच्निकॉव्हांचा जन्म १८४५ मध्ये त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील आणि आजच्या युक्रेनमधील खार्कोव्ह परिसरात झाला. घराण्याचे मूळ मोल्डावियातील. तेथील खड्गधारी ह्या अर्थाच्या पदनामाचे रशियन रूपांतर म्हणजे हे आडनाव. वडील झारच्या रक्षकदलातील अधिकारी होते. सेंट पीटर्सबर्गमधील चैनीत आणि जुगारात बरीच मालमत्ता उडाल्यावर कुटुंब खेड्यातील जमीनजुमल्यावर येऊन राहिले. आई एमिलिया ही लेव्ह नेवाखोविच ह्यांची कन्या. ज्यू समाजाची कैफियत रशियन भाषेत मांडणारे पुस्तक नेवाखोविच ह्यांनी १८०३ मध्ये प्रसिद्ध केले होते आणि रशियन भाषेत लिहिणाऱ्या पहिल्या ज्यू लेखकांत त्यांची गणना होते. थोरल्या भावांपैकी लेव्ह हा गॅरिबॉल्डीच्या सैन्यात लढला, जपानात शिक्षक झाला आणि मोठ्या नद्या व मानवी संस्कृती ह्यांच्या संबंधावरील ग्रंथाचा कर्ता म्हणून ओळखला गेला. अशा घरातील हा धाकटा मुलगा शास्त्राकडे वळला, पण ग्रंथांची आणि वादविवादाची आवड त्याने कधी सोडली नाही. त्याच्या शास्त्रीय ग्रंथांतील अनेक प्रकरणे वाङ्मयाच्या अभ्यासकाने वाचावीत अशी आहेत, ती त्यामुळेच.

खार्कोव्ह विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पुरा केला. त्यानंतर जर्मनीत आणि नेपल्सच्या समुद्रकाठी सागरी प्राण्यांच्या भ्रूणविकासाचा अभ्यास करून, ओडेसा आणि सेंट पीटर्सबर्ग येथे काही काळ अध्यापन केल्यावर, १८७० मध्ये ते ओडेसा येथे प्राध्यापक झाले. ह्या काळातील शास्त्रीय कार्य महत्त्वाचे असले तरी चरित्रदृष्ट्या त्याहून महत्त्वाचे आहे ते त्यांचे दुःख. पहिली पत्नी ल्युडमिला हिला विवाहापूर्वीच क्षयाने गाठले होते. लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. चार वर्षे हवापालट आणि उपचार करूनही १८७३ मध्ये मदीरा बेटावर ती मरण पावली. स्वतःची दृष्टी अधू झालेली, प्रकृती ढासळलेली, अशा अवस्थेत मेच्निकॉव्हांनी मॉर्फिनची मोठी मात्रा घेतली. मात्रा इतकी अधिक होती की ती उलटून पडली आणि ते वाचले. त्यानंतर जिनीव्हा येथे एका रात्री पुलावरील दिव्याभोवती घिरट्या घालणारे अल्पायुषी पंखधारी कीटक त्यांच्या दृष्टीस पडले. इतक्या थोड्या आयुष्याच्या जीवांवर नैसर्गिक निवडीचा नियम कसा चालत असेल, हा प्रश्न मनात आला आणि त्या प्रश्नाने त्यांना पुन्हा जगण्याकडे ओढले, असे त्यांच्या दुसऱ्या पत्नीने लिहिलेल्या चरित्रात नमूद आहे.

ही दुसरी पत्नी ओल्गा. तिच्याशी त्यांचा विवाह १८७५ मध्ये झाला. तिला विषमज्वर झाला त्या सुमारास, म्हणजे १८८१ च्या आसपास, मेच्निकॉव्हांनी पुन्हा एकदा मरणाला जवळ केले. ह्या वेळी त्यांनी पुनरावर्ती ज्वराच्या रोग्याचे रक्त स्वतःच्या अंगात टोचून घेतले. मेलो तर निदान हा ज्वर रक्तावाटे पसरतो की नाही एवढे तरी कळेल, असा त्यामागे हेतू होता. ते फार आजारी पडले, पण बरे झाले. त्या आजारातून उठल्यावर निराशेचा जुना पगडा सुटला आणि जगण्याची ओढ प्रथमच जाणवली, असे त्यांचे म्हणणे होते. अलेक्झांडर दुसरा ह्याचा खून आणि भावाचा मृत्यू हीही त्याच वर्षीची. खुनानंतर विद्यापीठांवर आलेल्या दडपणाला कंटाळून १८८२ मध्ये त्यांनी ओडेसा येथील प्राध्यापकपद सोडले.

त्याच वर्षाच्या अखेरीस सिसिलीतील मेसिना येथे त्यांना तो शोध लागला ज्यामुळे त्यांचे नाव शास्त्राच्या इतिहासात कायम झाले. घरची मंडळी माकडांचे खेळ पाहायला सर्कशीला गेली होती. मेच्निकॉव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसून तारामीनाच्या पारदर्शक डिंभातील हलत्या पेशी पाहत होते. ह्या पेशी शरीराचे रक्षण करीत असतील तर बाहेरून काही टोचताच त्या तेथे जमल्या पाहिजेत, असा विचार त्यांच्या मनात आला. बागेतून गुलाबाचे काटे आणून त्यांनी ते डिंभांत टोचले. दुसऱ्या दिवशी पहाटे काट्यांभोवती पेशींचा वेढा पडलेला दिसला. ह्या पेशींना पुढे भक्षिकोशिका हे नाव मिळाले. शरीर रोगाला निमूटपणे बळी पडत नाही, त्याच्या आत सतत झुंज चालू असते, ही कल्पना येथे जन्मली. जर्मन शास्त्रज्ञांनी तिला कडाडून विरोध केला. रोगप्रतिकार रक्तद्रवातील द्रव्यांमुळे होतो असा त्यांचा पक्ष होता. हा वाद दोन दशके चालला आणि १९०८ चे नोबेल पारितोषिक मेच्निकॉव्ह व रक्तद्रवपक्षाचे पाउल एर्लिक ह्यांना विभागून दिले गेले. पुढील संशोधनाने दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे ठरविले. मरणाला दोनदा आपण होऊन सामोरा गेलेला माणूस शरीराच्या जगण्याच्या झुंजीचा पहिला भाष्यकार व्हावा, ह्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

ओडेसा येथे १८८६ मध्ये स्थापन झालेल्या जंतुशास्त्रीय संस्थेचे ते प्रमुख झाले, पण स्थानिक डॉक्टरांच्या विरोधामुळे आणि मेंढ्यांना लस टोचण्याच्या कामी झालेल्या एका अनर्थामुळे तेथे राहणे कठीण झाले. १८८८ मध्ये पास्तर ह्यांनी त्यांना पॅरिसमधील आपल्या नव्या संस्थेत जागा दिली. तेथून मेच्निकॉव्ह शेवटपर्यंत हलले नाहीत.

ह्या संस्थेतच, १८९२ साली, आपल्या विषयाशी प्रत्यक्ष संबंध असलेला प्रसंग घडला. त्या वर्षी यूरोपात पटकीची साथ होती. पटकीचा जंतू म्हणून कॉख ह्यांनी दाखविलेला स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतूच खरोखर रोगाला कारण आहे काय, ह्याविषयी अजून वाद होता. मेच्निकॉव्हांनी त्या जंतूंचे संवर्धन स्वतः प्राशन केले. त्यांना काहीच झाले नाही. म्यूनिखमध्ये वृद्ध पेटेनकोफर ह्यांनीही त्याच वर्षी असाच प्रयोग केला आणि तेही थोडक्यात निभावले. परंतु पॅरिसमधील प्रयोगात पुढे सामील झालेला एक तरुण सहकारी पटकीने मरणाच्या दारी जाऊन आला आणि मेच्निकॉव्हांनी माणसांवरील असले प्रयोग थांबविले. एकच जंतू एकाला मारतो आणि दुसऱ्याला स्पर्शही करीत नाही, असे का व्हावे? काचेच्या बशीत पटकीचे जंतू इतर जंतूंच्या शेजारी वाढवून पाहता त्यांना आढळले की, काही शेजारी पटकीच्या जंतूला वाढू देतात आणि काही त्याला रोखतात. तेव्हा आतड्यात आधीपासून कोणते रहिवासी आहेत ह्यावर आगंतुकाचे भवितव्य ठरत असले पाहिजे. प्रोबायोटिक कल्पनेचे बीज हेच. ते दह्याच्या वाडग्यात सापडले नाही, विषाच्या पेल्यात सापडले.

त्याच वर्षी आणि त्याच संस्थेत मेच्निकॉव्हांचा एक जुना विद्यार्थी ह्याच जंतूवर निराळ्या दिशेने काम करीत होता. ओडेसा येथे त्यांच्या हाताखाली शिकलेले वाल्डेमार हाफकिन १८८९ मध्ये पास्तर संस्थेत ग्रंथालयातील साध्याशा जागेवर रुजू झाले होते. पटकीविरुद्ध त्यांनी लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. गुरूचा प्रश्न असा की, हा जंतू काही आतड्यांत का हरतो; शिष्याचा प्रश्न असा की, त्याला हरविण्यासाठी शरीराला आगाऊ कसे शिकवावे. शिष्याच्या प्रश्नाचे उत्तर लवकर हाती आले आणि ते घेऊन हाफकिन १८९३ मध्ये कलकत्त्यास उतरले. १८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची म्हणजे प्लेगची साथ उसळली तेव्हा सरकारने त्यांना तेथे बोलाविले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच मार्च महिन्यात पुण्यात रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले ह्याच रोगाने निवर्तल्या. हाफकिनांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि १९२५ पासून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मुंबईतील मराठी माणसाला हाफकिन हे नाव घरचे वाटते. त्यांच्या गुरूचे नाव मात्र मराठीत फारसे आले नाही. मुलकोवाल येथील दुर्घटनेचा खोटा आळ, त्यातून झालेली सुटका आणि हाफकिनांचे एकाकी उत्तरायुष्य हा स्वतंत्र चरित्राचा विषय आहे.

मेच्निकॉव्हांचे लक्ष मात्र आतड्यातील रहिवाशांवर खिळून राहिले. १८९८ च्या सुमारास, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या आहारात आंबविलेले दूध घेण्यास सुरुवात केली. १९०३ मध्ये मानवी स्वभावावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर चार वर्षांनी आशावादी निबंधांचा दुसरा ग्रंथ आला. वार्धक्याच्या शास्त्राला आज जे नाव आहे तेही १९०३ च्या ग्रंथातूनच रूढ झाले. ह्या दोन ग्रंथांचा मुख्य सिद्धान्त थोडक्यात असा : मनुष्याची देहरचना त्याच्या पूर्वजांकडून आलेली असून आजच्या जीवनाशी ती पुरती जुळत नाही. ह्या विसंगतींपैकी सर्वांत घातक म्हणजे मोठे आतडे. तेथे मळ साचतो, असंख्य जंतू वाढतात, अन्नातील प्रथिने कुजतात आणि त्यातून उत्पन्न होणारी फेनॉल, इंडोल इत्यादी विषारी द्रव्ये रक्तात शोषली जाऊन रक्तवाहिन्या व इतर अवयव अकाली झिजवितात. म्हणून वार्धक्य म्हणजे एक प्रकारचा जुनाट रोग होय. पोपट, डोमकावळा अशा आखूड मोठ्या आतड्याच्या पक्ष्यांच्या दीर्घायुष्याची उदाहरणे ते ह्यासाठी देत.

ह्यावरील त्यांचा उपाय समजून घेण्यास मराठी भाषा विशेष सोयीची आहे. दूध नासते, फाटते, आंबते, विरजते. मांस कुजते, फळ सडते. अशी वेगवेगळी क्रियापदे ज्या भाषेत आहेत तिच्यात मेच्निकॉव्हांचा सिद्धान्त दोन शब्दांत सांगता येतो : आंबणे हे कुजण्याला रोखते. आंबलेले दूध तसेच ठेवले तरी कुजत नाही, कारण दुग्धाम्ल निर्माण करणारे जंतू कुजविणाऱ्या जंतूंना वाढू देत नाहीत. हेच आतड्यात घडवून आणावे, म्हणजे आतड्यालाच विरजण लावावे, अशी त्यांची कल्पना. नर्मदेच्या उत्तरेस, जबलपूर-पाटणच्या बाजूस, ज्याला हिंदीत जामन म्हणतात तेच हे विरजण. गंमत अशी की, मराठी वाक्प्रचारात उत्साहावर विरजण पडते आणि रंगाचा भंग होतो. मेच्निकॉव्हांच्या दृष्टीने तर जीवनोत्साह टिकविणारे द्रव्य तेच होते.

येथे एका सवंग तुलनेपासून सावध राहणे आवश्यक आहे. चरकसंहितेत ग्रहणी आणि अर्श ह्या विकारांवर ताक सांगितले आहे, ही गोष्ट खरी. परंतु तेथील विचाराचा पाया अग्नी आणि दोष हा आहे. मेच्निकॉव्हांचा पाया जंतूंमधील स्पर्धा हा आहे. उपाय सारखा म्हणून सिद्धान्त सारखा ठरत नाही, आणि पूर्वजांना हे सारे ठाऊक होते असे म्हटल्याने चरकाचाही मान वाढत नाही. दोन निरनिराळ्या विचारव्यूहांतून एकाच भांड्यापाशी येणे, हीच तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय घटना आहे.

१९०४ मध्ये पॅरिस येथे वार्धक्यावर दिलेल्या व्याख्यानात मेच्निकॉव्हांनी बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांचा आणि त्यांच्या आंबट दुधाचा उल्लेख केला. वृत्तपत्रांनी तेवढाच उचलला. यूरोप-अमेरिकेत आंबट दुधाचे वेड पसरले. गोळ्या, चूर्णे, संवर्धने ह्यांची विक्री सुरू झाली. १९०५ मध्ये जिनीव्हा येथे शिकणाऱ्या स्टामेन ग्रिगोरोव्ह ह्या बल्गेरियन विद्यार्थ्याने त्या दुधातील दंडाकार जंतू ओळखला आणि बल्गेरियाच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. दुसरीकडे लंडनमध्ये आर्बथनॉट लेन हे शल्यचिकित्सक रोग्यांची मोठी आतडी काढून टाकू लागले. मेच्निकॉव्हांचा स्वतःचा कल मात्र आतड्यापेक्षा जंतूंवर इलाज करण्याकडे होता. दूध आधी उकळून मग त्यात शुद्ध जंतू मिसळावेत, कच्चे अन्न टाळावे, असा त्यांचा घरचा कडक नियम होता. बल्गेरियातील शतायुषींच्या जन्मनोंदी कितपत विश्वसनीय होत्या आणि त्यांच्या आयुष्याचे श्रेय केवळ दुधाला का द्यावे, हे प्रश्न त्यांनी जितक्या कठोरपणे विचारावयास हवे होते तितक्या कठोरपणे विचारले नाहीत. काट्याच्या प्रयोगात दिसलेला संयमी प्रयोगकर्ता येथे दिसत नाही. त्याच्या जागी उत्तराची घाई झालेला माणूस दिसतो.

सिद्धान्ताचे पुढे काय झाले हे सांगितल्यावाचून त्याचे मोल ठरत नाही. बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात वस्ती करू शकत नाही, हे येल विद्यापीठातील लिओ रेटगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२१ पर्यंत दाखवून दिले. मोठे आतडे निरुपयोगी आहे हेही खोटे ठरले. तेथील जंतू तंतुमय अन्न आंबवून आतड्याच्या अस्तराला पोषक अशी आम्ले पुरवितात. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविकांच्या युगात हा सारा विचार मागे पडला. पण मूळ प्रश्न मेला नाही. स्तनपान करणाऱ्या बालकांच्या आतड्यांत विशिष्ट हितकर जंतूंचे प्राबल्य असते, हे पास्तर संस्थेतीलच हेन्री तिसिये ह्यांनी १९०० च्या सुमारास दाखविले होते. जपानात मिनोरू शिरोता ह्यांनी १९३० मध्ये आतड्यापर्यंत जिवंत पोहोचणारा जंतू निवडून काढला. १९६५ मध्ये प्रोबायोटिक हा शब्द शास्त्रीय लेखनात एका जंतूने दुसऱ्याच्या वाढीस पोषक असे स्रवलेले द्रव्य ह्या अर्थाने आला आणि हळूहळू त्याचा अर्थ पालटला. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये जी व्याख्या केली तिच्यानुसार पुरेशा प्रमाणात दिले असता आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. ह्या व्याख्येने घरच्या दह्याची पंचाईत केली आहे. रोजच्या विरजणातील जंतू कोणते आणि किती हे कोणी मोजलेले नसते, म्हणून पौष्टिक असूनही ते ह्या कसोटीला उतरतेच असे म्हणता येत नाही. दुधातील शर्करा ज्यांना पचत नाही त्यांना जिवंत जंतूंचे दही पचण्यास सोपे जाते, एवढे मात्र सिद्ध झाले आहे, आणि ह्या कामी मेच्निकॉव्हांचा बल्गेरियन जंतूच उपयोगी पडतो.

भारतातील दोन अभ्यासांचा निर्देश येथे पुरेसा आहे. हाफकिन प्रथम ज्या शहरात उतरले त्या कोलकात्यातील वस्त्यांत ३,७५८ बालकांवर शिरोतांच्या जंतूची चाचणी घेण्यात आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अतिसाराचे प्रमाण त्यामुळे १४ टक्क्यांनी कमी आढळले. ओडिशातील ४,५५६ नवजात बालकांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. योग्य जंतू त्याच्या खाद्यासह दिल्याने रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मृत्यू ह्यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर उतरल्याचे त्यांत दिसले. उलट, २०१८ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील मोठ्या चाचण्यांत बालकांच्या तीव्र जठरांत्रदाहावर प्रोबायोटिकाचा काहीच लाभ दिसला नाही. कोणता जंतू, कोणाला, कोणत्या विकारावर आणि किती, हे सांगितल्याखेरीज विधानाला अर्थ नाही. मेच्निकॉव्हांचे उत्तर बहुतांशी चुकले आणि त्यांचा प्रश्न मात्र टिकला, असेच म्हणावे लागते.

परंतु मेच्निकॉव्हांना स्वतःला अतिसार किंवा पचन ह्यांत मुख्य रस नव्हता. दोन्ही ग्रंथांतील जी प्रकरणे आज कोणी वाचत नाही तीच त्यांच्या मनाजवळची होती. जरा, व्याधी आणि मरण पाहून विरक्त झालेला बुद्ध, शोपेनहाउअर, बायरन आणि लेओपार्दी ह्यांचा निराशावाद, गटेच्या फाउस्टचे तारुण्य आणि वार्धक्य ह्या सर्वांची त्यांनी एखाद्या रोग्याची तपासणी करावी तशी तपासणी केली आहे. तरुणपणी निराशा आणि उत्तरवयात जीवनप्रेम हा क्रम त्यांना फाउस्टमध्ये दिसला, कारण तो त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा क्रम होता. अशा वाचनाला समीक्षा म्हणणे कठीण आहे. तरी वाङ्मयकृतीकडे मानवी विसंगतीचा पुरावा म्हणून इतक्या गंभीरपणे पाहणारा शास्त्रज्ञ विरळा. त्यांची अंतिम कल्पना अशी की, अकाली वार्धक्य टळून मनुष्य पूर्ण आयुष्य जगला, तर दिवसभराच्या श्रमानंतर जशी झोप हवीशी वाटते तसे मरणही हवेसे वाटेल. अंडी घालून काही तासांत निमूटपणे मरणाऱ्या अल्पायुषी कीटकांत त्यांना ह्या नैसर्गिक मरणाचे उदाहरण दिसत होते. जिनीव्हाच्या पुलावरील प्रश्न असा तीस वर्षांनी तत्त्वज्ञानात परतला.

टॉलस्टॉयांशी त्यांचा वाद जुना होता. १८९१ मध्येच एका रशियन नियतकालिकात त्यांनी टॉलस्टॉयांच्या जीवनविषयक विचारांना विरोध करणारा लेख लिहिला होता. १९०९ च्या मे महिन्यात, नोबेल पारितोषिकानिमित्त स्टॉकहोमला गेले असता, परतीच्या प्रवासात ते ओल्गासह यास्नाया पोल्यानाला गेले. टॉलस्टॉय तेव्हा ८० वर्षांचे होते, मेच्निकॉव्ह ६४ वर्षांचे. एकाने इव्हान इल्यिचचा मृत्यू लिहिला होता आणि दुसऱ्याने तो पाहिला होता. भेट सौजन्याची झाली. दोघे एका घोडागाडीतून फिरले, विज्ञान आणि धर्म ह्यांवर बोलले, पण कोणी कोणाला पटवू शकला नाही. टॉलस्टॉयांनी नंतर दैनंदिनीत धर्माच्या बाबतीत पाहुणा उथळ असल्याचा शेरा मारला. हा शेरा अन्यायाचा आहे. मेच्निकॉव्ह धर्महीन होते हे खरे, परंतु मरणाच्या प्रश्नाकडे त्यांनी उथळपणे पाहिले असे ज्याला त्यांचे पूर्वायुष्य ठाऊक आहे तो म्हणणार नाही. टॉलस्टॉय १९१० च्या नोव्हेंबरमध्ये वारले.

मेच्निकॉव्हांच्या हृदयविकाराची चिन्हे १९१३ मध्ये स्पष्ट झाली. पुनरावर्ती ज्वराच्या त्या जुन्या प्रयोगापासूनच हृदय दुखावलेले होते. पुढल्या वर्षी महायुद्ध सुरू झाले. प्रयोगशाळेतील तरुण आघाडीवर गेले, प्राणी मारून टाकण्यात आले आणि ज्या यूरोपच्या विवेकावर त्यांच्या आशावादाची भिस्त होती तो यूरोप त्यांच्या डोळ्यांदेखत स्वतःला संपवू लागला. युद्धातील मरणाला त्यांच्या सिद्धान्तात जागा नव्हती. १९१५ मध्ये संस्थेने त्यांचा ७० वा वाढदिवस साजरा केला. दीर्घायुष्याचा पुरस्कर्ता स्वतः किती जगणार अशी कुजबुज होत होतीच. त्यावर त्यांचे उत्तर असे की, पथ्य ५३ व्या वर्षी सुरू केले, घराण्यात हृदयविकार, भावंडे लवकर गेली. त्या मानाने ७० हे यशच आहे. आपल्या आजाराच्या नोंदी ते स्वतः ठेवीत आणि जगण्याची ओढ ओसरत चालली आहे काय, हे त्यांत बारकाईने पाहत. ती ओसरू लागली आहे असे त्यांना वाटत होते. ते खरोखर तृप्तीमुळे होते की युद्धाच्या खिन्नतेमुळे, हे त्या नोंदींवरून ठरविता येत नाही.

अखेरच्या आजारात त्यांना पास्तर संस्थेत, पास्तर जेथे राहत असत त्याच घरात, आणून ठेवण्यात आले. आपले सहकारी सालिंबेनी ह्यांना त्यांनी सांगून ठेवले होते की, शवविच्छेदन त्यांनीच करावे आणि आतडी नीट पाहावीत. १५ जुलै १९१६ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, हृदय बंद पडून त्यांचा अंत झाला. धार्मिक विधी झाले नाहीत. त्यांच्या इच्छेनुसार दहन करण्यात आले आणि रक्षेचा कलश पास्तर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला.